प्रति: झोपेसाठी जडीबुटी – गोळ्या चालू असतील तर?

वर कुणीतरी लिहिलंय की वनस्पतीच तर आहे, गुण आला तर आला, नाहीतर नुकसान तर काही नाही. हे मला अजिबात पटत नाही. जिच्यात मूड आणि झोप बदलायची ताकद आहे ती चालू असलेल्या गोळ्यांच्या कामातही ढवळाढवळ करणारच ना. सेंट जॉन्स वर्टचंच घ्या (उदासपणावर घेतात ती एक वनस्पती), ते लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवतं, म्हणजे गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, ट्रान्सप्लांटनंतरची औषधं, सगळ्यांचा असर कमी होतो आणि ते बंद केल्यावरही हा परिणाम साधारण 2 आठवडे राहतो. डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत घेतलं तर सेरोटोनिन (मेंदूतलं मूडशी संबंधित रसायन) प्रमाणाबाहेर वाढून जिवावर बेतू शकतं.

अजून एक, अश्वगंधाबद्दल इथे सगळं चांगलंच लिहिलंय पण थायरॉइडचा विषय कुणीच काढला नाही. माझी मावशी थायरॉइडची गोळी घेते, झोप लागावी म्हणून तिने स्वतःच्या मनाने अश्वगंधा सुरू केलं आणि थोड्याच आठवड्यांत छातीत धडधड, हात थरथरणं, झोप तर होती तीही गेली. रक्त तपासलं तर थायरॉइड हार्मोन वाढलेलं. डॉक्टरांनी कुठली औषधं घेता विचारलं तेव्हा तिने अश्वगंधाचं नावच घेतलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते औषधच नव्हतं! तेव्हा काढा, चूर्ण, कॅप्सूल जे काही घेताय ते डॉक्टरांना सांगाच, आणि ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्यांनाही आधीच सांगा.