प्रति: इंटरनेट नाही तर टॅब शोभेचे?

वर्गात नेट नसेल तर टॅब नुसते शोभेचे, हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या आमच्या पाड्यावर रेंज येते ती टेकडीवरच्या चिंचेखाली. वर्गात बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की चक्र फिरत राहतं. पण दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमधले पाठ आधीच डाउनलोड करता येतात, हे इथे कुणी लिहिलंच नाही. शनिवारी शहाद्याला घरी गेलो की मी आठवड्याचे पाठ उतरवून घेतो.

खरी अडचण भाषेची. व्हिडिओतली पुस्तकी मराठी पावरी ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्या दुसरीच्या पोरांना झेपत नाही. मग आवाज बंद करतो आणि चौथीतली एक पोरगी पावरीत सांगत जाते. परवा पडद्यावर समुद्र आला, तर म्हणाली, नर्मदाच आहे, पलीकडचा काठ तेवढा नाही.