१८९६ ची प्लेगची दंगल आणि मन फिरवणारा अवशेष: अशी कथा लिहावी का?

गिरणगावकर (प्रश्न)

मी सध्या लघुकादंबरीच्या लांबीची एक अद्भुतकथा लिहीत आहे. कथेचा काळ १८९६ चा पावसाळा संपल्यानंतरचा आहे आणि स्थळ मुंबई आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले आणि २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर हल्ला केला. हा हल्ला माझ्या कथेचा कळस आहे.

कथेत बंदरावरच्या एका पेढीवर कवटीचा एक प्राचीन तुकडा येतो. तो ज्याच्या मुठीत असेल त्याला समोरच्या गर्दीचे मन हवे तसे वळवता येते आणि हल्ला त्यातूनच घडतो. रचना म्हणून हे मला जमले आहे असे वाटते; पण माझे पणजोबा त्याच सुमारास रत्नागिरीहून येऊन गिरणीत लागले होते, आणि त्या गर्दीत त्यांच्यासारखीच माणसे होती हे लिहिताना सारखे डोळ्यांपुढे येते. त्यांच्या हातातले दगड एका हाडाच्या तुकड्याने उचलायला लावले असे दाखवणे योग्य आहे का?

दप्तरखाना

आपल्याला कवटी बाहेरून आणण्याची गरज नाही, कारण लोक ज्या वस्तूला घाबरत होते ती त्या वेळी शहरात होतीच. एस्प्लनेडवर राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. तो बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला होता आणि १८७२ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये कोणीतरी रात्री त्या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. हे कृत्य आपले होते असे दामोदर चापेकर यांनी पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगितले. पण त्या महिन्यात कोणाचेच नाव उघड झालेले नव्हते, आणि साथ नेमकी त्याच दिवसांत पसरत होती. अपमानामुळे राणी कोपली, हा रोग तिनेच धाडला आणि कोप शमवण्यासाठी ती आता मुंबईकरांची काळजे मागते आहे, अशी आवई शहरभर उठली.

तिला जोडून मोमियाईची भीती होती. माणसाला उलटे टांगून, खाली विस्तव पेटवून त्याच्या डोक्यातून तेल काढतात आणि त्याचे औषध करतात, ही समजूत प्लेगच्या पुष्कळ आधीपासून प्रचलित होती. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हे रोज दिसत असताना ती समजूत आर्थर रोडच्या इमारतीला चिकटली यात मला नवल वाटत नाही.

डांबराचा डाग सहजी निघेना, तेव्हा तो काढण्याचे काम रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी केले. अद्भुतकथेच्या लेखकाला यापेक्षा चांगले पात्र मिळणे अवघड आहे. पुतळा आजही आहे. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जाऊन तो पाहता येतो.

रात्रपाळी

मी परिचारिका म्हणून बत्तीस वर्षे काम केले, त्यांपैकी बरीच वर्षे संसर्गजन्य रोगांच्या कक्षात. त्यामुळे आर्थर रोडच्या त्या इस्पितळाविषयी, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयाविषयी, मला आस्था आहे आणि मी जे लिहिते आहे ते त्याच्या विरोधात नाही.

आपण त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहावे. महापालिकेने ६ ऑक्टोबरला हुकूम काढला की रोग्याला सक्तीने इस्पितळात न्यावे आणि इतरांपासून वेगळे ठेवावे. काखेत किंवा जांघेत गाठ आहे का, हे परके पुरुष तपासू लागले. घराला चुना फासला जाई, सामान जाळले जाई, आणि इस्पितळात माणूस मेला तर त्याचे अंत्यसंस्कार आपल्या रीतीने होतील याची खात्री नसे. रोगी लपवून ठेवल्यामुळे तो इस्पितळात पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असे आणि बहुतेक वेळा तो दगावत असे. तो दगावला की पुढचे घर आपला रोगी आणखी कसोशीने लपवी. माझ्या मते हल्ल्याच्या मुळाशी हे चक्र आहे, आणि हे चक्र फिरायला कोणत्याही जादूची गरज नव्हती.

दुसरे असे की, रोग पसरतो कसा हे त्या वेळी कोणालाच कळलेले नव्हते. अधिकारी गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक हे उग्र वासाचे जंतुनाशक ओतत होते, कारण रोग घाणीतून आणि दूषित हवेतून येतो असे त्यांना वाटत होते. उंदरावरच्या पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये. म्हणजे एका बाजूला राणीचा कोप आणि दुसऱ्या बाजूला गटाराची वाफ अशा दोन चुकीच्या समजुती समोरासमोर उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या हाती पोलीस होते. आपल्या कथेत केवळ गर्दीचेच मन भारलेले का असावे?

शेंदूर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी मी थोडे वेगळे मत मांडतो. अद्भुतकथेला अद्भुत घटक वापरण्याचा अधिकार आहे आणि वेताळ-पिशाच्चांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला तो खटकत नाही. प्रश्न त्या घटकाच्या कामाचा आहे. कवटीने माणसांचा विचार बंद पाडला, तर कथा त्या काळच्या साहेबाची साक्ष खरी ठरवते, कारण ‘अडाणी, भोळसट लोक कोणाच्या तरी चिथावणीने उठले’ हाच त्याचा ठरलेला खुलासा असे. त्याउलट तिने मनात आधीच असलेली भीती फक्त मोठ्याने बोलायला लावली, तर माणसे माणसेच राहतील.

दप्तरखाना

शेंदूर यांच्या मुद्द्याला दप्तराचा आधार आहे. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, महापालिकेने सक्ती सैल केली. पुढच्या काळात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मंडळींनी आपापली प्लेगची इस्पितळे उघडली आणि तेथे रोगी तुलनेने राजीखुशीने जाऊ लागले. म्हणजे औषधोपचाराला लोकांचा सरसकट विरोध नव्हता. आपला माणूस कोणाच्या हाती जातो, याविषयी त्यांचे म्हणणे होते. १८९७ च्या साथरोग कायद्याने सक्ती पुन्हा कडक झाली, आणि ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतल्याच मदनपुऱ्यात एका जुलाहा, म्हणजे मुसलमान विणकर, कुटुंबातील आजारी मुलीला तपासण्यावरून पुन्हा दंगल पेटली. शिवाय १८९७ च्या आरंभापर्यंत सुमारे ८ लाख वस्तीतले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले होते. गाठोडे बांधून कोकणात परतणे हासुद्धा विचारपूर्वक घेतलेलाच निर्णय होता.

गिरणगावकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री विचार करून मी कवटी काढून टाकली आहे. आता कथेत डांबराचा एक वाळलेला गोळा आहे. पुतळा पुसणाऱ्या एका मजुराने तो फडक्यात बांधून चाळीत आणला आहे, आणि त्यात राणीचा कोप उतरला आहे अशी सगळ्यांची खात्री आहे. त्याच्या अंगी शक्ती आहे की नाही, हे मी कोठेही सांगणार नाही. गर्दीतला प्रत्येक माणूस घरातल्या कोणाला तरी लपवून आलेला असेल आणि वाचकाला ते माहीत असेल.

आता एकच अडचण उरली आहे. इस्पितळाच्या फाटकाशी आत थांबलेली एक परिचारिकाही मला लिहायची आहे आणि तिची भीतीही तितकीच खरी वाटायला हवी. रात्रपाळी यांची हरकत नसेल, तर ते प्रकरण पूर्ण झाल्यावर प्रथम त्यांना वाचायला पाठवतो.

रात्रपाळी

अवश्य पाठवा. तिच्या हाताला कार्बोलिकचा वास असू द्या. तो पुष्कळदा धुतला तरी जात नाही.