जगाचे नाही, पण जगातच
ख्रिस्ती विश्वासणाऱ्याने सोसायटीच्या कमिटीत पडू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भानगडींपासून लांबच राहावं, कारण आपण या जगाचे नाही, असं आपल्यातले काही जण म्हणतात. पूजा-आरतीत भाग घेऊ नये, इथवर पटतं. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात प्रभू येशू आपल्या शिष्यांसाठी पित्याला विनवतो ते असं की यांना जगातून काढून घेऊ नकोस, दुष्टापासून राख. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29 व्या अध्यायातलं पत्र यात कुणी काढतच नाही. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुद्यांना तो कळवतो: घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कैद करणाऱ्यांच्याच नगरासाठी! मुक्काम 70 वर्षांचा.

वेगळेपणाची खरी किंमत आम्हाला इंदूरला घर घेताना कळली. मालकाचा आग्रह, रजिस्ट्रीत किंमत कमी दाखवा, उरलेले रोख द्या. दलाल म्हणे, सगळेच करतात हो. आमच्या चर्चच्या मंडळीतल्याही काहींनी समजावलं की यात पाप कसलं, हा तर रिवाज. आम्ही नाही म्हटलं आणि सौदा मोडला. पुढे शहराच्या टोकाला लहान घर मिळालं, पूर्ण किमतीवर मुद्रांक शुल्क भरून. बायकोची बसची दगदग अजून चालू आहे. त्याच इमारतीच्या कमिटीत मी हिशेब बघतो, कुणाकडे मयत झाली की रात्रभर थांबतो. तिथे मला कधी अडचण वाटली नाही. अडचण त्या रोख रकमेची होती. त्याबद्दल प्रवचनात मात्र फारसं ऐकू येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.