लपवलं म्हणजे कुलूप लावलं असं नाही

घरातल्या पिस्तुलाबद्दल "कपाटावर उंच ठेवलंय, पोरांना पत्ताच नाही" असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. अमेरिकेतल्या २००६ च्या एका अभ्यासात आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं, तर मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांची मुलं म्हणाली, आम्हाला माहितीये की!

आणि मॅगझिन (गोळ्या भरलेली काढता येणारी पेटी) काढलं की पिस्तूल रिकामं असं धरून चालू नका, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते त्या जागेत) एक गोळी राहू शकते आणि बऱ्याच पिस्तुलांत ती मॅगझिन नसतानाही सुटते. म्हणून मॅगझिन काढल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या, आणि किल्ली (इथेच सगळे घोळ घालतात) ड्रॉवरमध्ये टाकायची नाही, स्वतःजवळच ठेवायची.