पक्षी बघायला जुना डी७०० की पी९५०? माझं मत पी९५०ला

माळटिटवी

आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटात एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "साठ-पासष्ट हजार जमवलेत. ओळखीतल्या एका फोटोग्राफरकडे जुना निकॉन डी७०० आणि ३०० मिमी एफ/४ लेन्स विकायला आहे. जवळपास तेवढ्यातच निकॉनचाच पी९५० मिळतोय. काय घेऊ?" डी७०० म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, पी९५० म्हणजे मोठ्या झूमची लेन्स जोडलेलीच येणारा. गटातल्या झाडून सगळ्यांनी डी७०० सांगितला. "फुल फ्रेम ते फुल फ्रेम" (फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, प्रकाश टिपणारा सेन्सर), "पी९५० म्हणजे मोठ्या झूमचा खेळ, त्यात पैसे घालू नकोस". तिला उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात येणारे काठावरचे छोटे पक्षी ओळखायला शिकायचंय आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी करायच्यात, हे तिने आधीच सांगितलं होतं. ते कुणी लक्षातच घेतलं नाही, म्हणून हा धागा.

डी७०० वाईट कॅमेरा आहे असं मी म्हणणारच नाही. २००८ साली तो आला तेव्हा निकॉनच्या डी३ या सगळ्यात वरच्या कॅमेऱ्याचा १२.१ मेगापिक्सेलचा सेन्सर त्यात होता. आजही त्याचे रंग बघून बरं वाटतं. पण "सेन्सर तीसपट मोठा आहे" हे वाक्य जिथे तिथे फेकलं जातं, ते दूरच्या पक्ष्याला लागूच होत नाही. का, ते सांगते.

दूर बसलेल्या पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश आपल्या हाती लागणार, हे भिंगाचं तोंड किती रुंद उघडतं यावर ठरतं. ३०० मिमी एफ/४ म्हणजे ३०० भागिले ४, ७५ मिमी रुंद तोंड. पी९५०चं भिंग पूर्ण झूमवर खरं ३५७ मिमी आणि एफ/६.५, म्हणजे ५५ मिमी. एवढ्याशा कॅमेऱ्याला ५५ मिमी हे काही लहान तोंड नाही. दोन्हींच्या क्षेत्रफळात दुपटीपेक्षा थोडा कमीच फरक येतो, म्हणजे एक स्टॉपही (प्रकाश दुप्पट होण्याची एक पायरी) नाही. तीसपट कुठे राहिलं?

आता उरलेला हिशेब बघा. पी९५०ची पूर्ण झूमवरची चौकट फुल फ्रेमवरच्या २००० मिमी लेन्सच्या बरोबरीची. तोच पक्षी तेवढाच मोठा दिसावा म्हणून डी७००च्या ३०० मिमीच्या फोटोतून कापून घेतला, तर हातात साधारण ६४० बाय ४२५ पिक्सेल उरतात. पाव मेगापिक्सेलच्या जरा वर.

आणि हे का महत्त्वाचं? छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा. दोघेही चिमणीएवढे, दोघेही चिखलात चोच खुपसत फिरणारे. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट. पाय केवढे, काडीएवढे, दोनेक मिलिमीटर जाडीचे. शंभर मीटरवर डी७०० आणि ३०० मिमीचा एक पिक्सेल जवळजवळ तीन मिलिमीटर व्यापतो. म्हणजे अख्ख्या पायाची जाडी एका पिक्सेलात मावून वर जागा उरते, आणि त्या पिक्सेलात पायाचा रंग चिखलाच्या रंगात मिसळलेला असतो. मग ओळखायचं कशावरून?

एवढी ताकद हातात नसली की माणूस काय करतो, हे आपण सगळ्यांनीच कुंभारगावला पाहिलंय. बोटवाल्याला सांगतो, "दादा, अजून थोडी पुढे घ्या." आणि पुढे घेता घेता रोहितांचा अख्खा थवा उठतो. दूरवरून आलेले, चरायला थांबलेले पक्षी आपल्या फोटोपायी उठवायचे नाहीत, हे मला कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

अंधारखोली

ताई, मांडणी नेटकी आहे, पण मी पूर्ण असहमत.

पहिली गोष्ट, पी९५०चे १६ मेगापिक्सेल पूर्ण झूमवर खरे उतरत नाहीत. एफ/६.५ला विवर्तनामुळे (अरुंद तोंडातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा एकेक ठिपका साडेआठ-नऊ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो आणि त्या सेन्सरचा पिक्सेल आहे १.३ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक ठिपका सहा-सात पिक्सेलांवर पसरतो. फाइल मोठी दिसते, आत तपशील तेवढा नसतो. त्यावर पुन्हा कॅमेऱ्याचं स्वतःचं धार काढणं, आणि पिसं मेणाची दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट, तुम्ही बसलेला पक्षी धरून चाललात. पक्षी उडतो हो! नदी सुरय पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि मान खाली घालून सूर मारतो, तेव्हा तुमच्याकडे सेकंदाचाही वेळ नसतो. डी७००चा ५१ बिंदूंचा ऑटोफोकस डी३चाच, आरशाखाली वेगळा बसवलेला. सुरय धरला की सोडत नाही. पी९५० कॉन्ट्रास्ट बघत फोकस शोधतो, पुढे-मागे करतो, तोवर सुरय मासा घेऊन गेलेला असतो. बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची सरबत्ती, सेकंदाला सात फ्रेमची, पण दहा फ्रेम झाल्या की कॅमेरा थांबतो. आणि दृश्यदर्शकात जे दिसतं तो छोटा टीव्ही, क्षणभर मागे. डी७००मध्ये डोळ्यासमोर खरा प्रकाश असतो.

तिसरी गोष्ट, दहा वाजल्यानंतर पाण्यावरून २००० मिमीने फोटो काढून बघा. हवा अशी थरथरते की टिलव्याचे पाय काळे का पिवळे हे सोडा, पाय आहेत का हेच कळत नाही. त्या वेळी ५५ मिमी काय आणि ७५ मिमी काय. थंडीतली सकाळची पहिली दोन तासांची वेळच खरी. पण त्या वेळी प्रकाश कमी असतो, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढवावा लागतो. डी७०० १६००ला, ३२००ला निर्धास्त चालतो. पी९५०ला ८००च्या पुढे न्यायला माझा हात धजत नाही.

आणि थवा उठवण्याबद्दल. तुमची कळकळ पटते, पण दोष लेन्सचा नाही. २००० मिमी हातात असलेले लोकही बोट पुढे घ्यायला लावतात, कारण त्यांना मग डोळ्यातली चमक हवी असते. संयम कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येत नाही.

शेवटचं, ती मुलगी विशीत आहे. आज टिलवे, उद्या कॉलेजच्या एकांकिका, परवा मावशीच्या मुलीचं लग्न. डी७००वर साधी ८५ मिमी एफ/१.८ लावली की नाट्यगृहातल्या मंद उजेडात चेहरा जिवंत उतरतो. पी९५० तिथे हात टेकतो. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ ही तीन चाकं एकमेकांना कशी फिरवतात, हे मोठ्या सेन्सरवर डोळ्यांना दिसतं. शिकायचं वय आहे, शिकू दे की.

माळटिटवी

अंधारखोली दादा, विवर्तनाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो पुढे न्या. ५५ मिमीच्या तोंडाला विवर्तनाची जी हद्द पडते ती शंभर मीटरवर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. डी७००ची अडचण त्याच्याही आधी सुरू होते, कारण त्याचा पिक्सेलच तीन मिलिमीटरचा. म्हणजे पी९५०चे १६ मेगापिक्सेल पूर्ण खरे नसले तरी जे उतरतं ते डी७००पेक्षा कितीतरी बारीक असतं. मेणाचं म्हणाल तर पी९५०मध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) मिळते, आधीच्या पी९००मध्ये नव्हती. रॉ काढा, धार हवी तेवढीच द्या.

सुरयाचं मान्य. उडत्या पक्ष्याला पी९५० नाहीच. पण नोंदी करणाऱ्याचे बहुतेक फोटो बसलेल्या, चरणाऱ्या पक्ष्यांचे असतात. "हा कोण?" एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्या फोटोला द्यायचं असतं. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना होते तेव्हा एखाद्या नोंदीवर शंका निघाली, तर बघणारा पोटावरच्या रेघा बघतो, पाठीमागची धूसरता किती लोण्यासारखी आहे ते बघत नाही.

थरथरीबद्दलही मान्य, पण ती दोघांनाही सारखीच. तो डी७००च्या बाजूचा मुद्दा होत नाही.

आणि एकांकिका-लग्नं तुम्ही जोडलीत, तिने नाही. तिने टिलवे म्हटलंय. ८५ मिमी एफ/१.८चे पैसे त्या साठ-पासष्ट हजारांत कुठून येणार?

सोनकी

दोघांचंही वाचलं. मला वाटतं इथे भांडण डीएसएलआर (डी७००सारखे आरशाचे कॅमेरे) आणि सुपरझूममध्ये (पी९५०सारखे) नाहीच, डी७०० निवडल्यामुळे हे भांडण लागलंय. डी७०० माणसांसाठी, अंधारासाठी उत्तम. दूरच्या पक्ष्याला त्याचे साडेआठ मायक्रॉनचे पिक्सेल फार मोठे पडतात.

जुनाच घ्यायचा तर २०१५चा डी७२०० बघा. २४ मेगापिक्सेल, पिक्सेल चार मायक्रॉनच्या आत. तीच ३०० मिमी एफ/४ लावली तर शंभर मीटरवर एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरच्या आसपास व्यापतो. माळटिटवी ताईंनी काढलेली अडचण निम्म्याहून कमी झाली, वर ५१ बिंदूंचा फोकसही राहिला. साधं एसडी कार्ड चालतं, तेही दोन. डी७००ला एकच कार्ड, ते जुन्या पद्धतीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश). आज सीएफ कार्ड आणि त्याचा रीडर शोधायला दुकानं पालथी घालावी लागतात.

पैसे थोडे वाढतील हे खरं. पण नुसतं "फुल फ्रेम" हा शब्द ऐकून गटातल्यांनी जे सांगितलं ते मलाही घाईचं वाटलं.

पायपीट

मी आकड्यांत पडत नाही, वजनाचं बोलतो. डी७००ची बॉडी बॅटरीशिवाय ९९५ ग्रॅम, जुनी ३०० मिमी एफ/४डी लेन्स १४४० ग्रॅम. बॅटरी, कार्ड धरून अडीच किलो. पी९५० सगळं मिळून एक किलो. विद्यार्थिनी आहे, गाडी नसणार. पुण्याहून भिगवणपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन, मग काठाकाठाने चालणं. पाठीवर पाणी, डबा, गळ्यात दुर्बीण. दुर्बीण तर लागणारच ना? नुसत्या कॅमेऱ्यातून पक्षी बघून पक्षी कळत नाहीत.

आणि त्या जुन्या ३०० मिमीत व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, हे कुणीच बोललं नाही. बोट डुलत असताना हातात धरून फोटो काढायचा तर शटर हजाराच्या वर (सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जलद) ठेवावं लागतं. मग सकाळच्या कोवळ्या उजेडात मोठ्या सेन्सरची कमाई तिथेच खर्ची पडते. पी९५०चं व्हीआर निकॉनच्या हिशेबाने साडेपाच स्टॉपचं. तेवढं नाही मिळालं, तीन मिळाले तरी बसलेल्या पक्ष्याला पुष्कळ.

पी९५०चा एक मोठा दोष मात्र सांगायला हवा. झूमची नळी सारखी आत-बाहेर होते आणि कॅमेरा धुळीपासून बंदिस्त नाही. काठाकडे जाणारे रस्ते धुळीचे. नळीतून धूळ आत गेली तर साफ करायचा खर्च अंगावर येतो. वापर झाला की नळी आत घ्यायची, पिशवीत ठेवायची, फडक्याने पुसायची. ही सवय नसेल तर डी७०० दहा वर्षं जास्त टिकेल.

माळटिटवी

पायपीट, धुळीचं अगदी खरं. सोनकी, डी७२००चा पर्याय तिला कळवते. पण त्यातही एकाच मापाची चौकट राहते. पी९५०ने ती मुलगी त्याच जागेवरून आधी अख्खा काठ टिपेल, मग थवा, मग एक टिलवा. २००० मिमीवर पक्षी चौकटीतून निसटला तर बाजूचं बटण दाबायचं, झूम क्षणभर मागे येतो, पक्षी सापडला की बटण सोडायचं. नवशिक्याला याने फार आधार मिळतो. माझं मत पी९५०लाच.

अंधारखोली

ताई, व्हीआरचं मी विसरलो नव्हतो. पाखरू हललं तर व्हीआर काही करत नाही, आणि टिलवा एक क्षण स्थिर नसतो. शटर तुम्हालाही वरच ठेवावं लागणार, आणि तेव्हा तुमच्याकडे चढवायला आयएसओ उरत नाही. डी७००ला उरतो. शिवाय त्या लेन्सला निकॉनचा १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं, लांबी वाढवणारं भिंग) जोडला की ४२० मिमी एफ/५.६ होतं आणि ऑटोफोकस चालू राहतो. तो जुना मिळतो, पुढच्या वर्षी घेता येईल. पी९५०ला पुढच्या वर्षी काय जोडणार? जे आहे ते आहे.

डी७२००ला माझी हरकत नाही. पण समोरचा माणूस ओळखीचा आहे आणि वस्तू डोळ्यांसमोर आहे, म्हणून ती डी७००च घेणार असेल तर तिला एवढं सांगा. शटर किती चाललंय ते फाइलच्या माहितीत सापडतं. निकॉनने ते दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे, त्याच्या जवळ गेलं असेल तर भाव पाडा. हाताच्या पकडीचं रबर सुटलंय का बघा, ते चिकटवता येतं, त्यासाठी नाही म्हणू नका. बॅटरी मूळची आहे का, आणि मेनूत तिचं वय किती दाखवतं ते पाहा. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे संपत आलेली. लेन्सचा फोकस जवळून दूर, दूरून जवळ असा पुष्कळदा फिरवून बघा, मोटर किरकिरत असेल तर ती दुरुस्ती महाग पडते. आणि कार्डाचं दार उघडून आत टॉर्च मारा. सीएफच्या बारीक पिना दोन ओळींत सरळ दिसायला हव्यात. एकही वाकलेली दिसली तर पैसे देऊ नका.