मदत हवी आहे: बाल न्याय मंडळाचे अहवाल, थकवा रजेनेही जात नाही

निर्झरा: मानसशास्त्रज्ञ आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम १५ची प्राथमिक मूल्यांकनं करते, म्हणजे अतिगंभीर गुन्ह्यातल्या १६ वर्षांवरच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे मंडळ ठरवतं त्यासाठीची तपासणी. आठवडाभर रजा घेतली, परतल्यावर पहिल्याच दिवशी तेच. अहवाल लिहायला बसलं की हातच चालत नाही. मुलाचं बोलणं ऐकून काहीच वाटेनासं झालंय, त्याची भीती वाटते. योग-ध्यान सुचवू नका. लवकर सांगा.

सुहास_के: महिन्याला किती केसेस? त्याच मुलांचं समुपदेशनही तुमच्याकडेच का?

तळ्याकाठी: आधी प्रोक्वॉल (ProQOL) भरा, इतरांना मदत करणाऱ्यांवरचा कामाचा ताण मोजणारी प्रश्नावली. ३० प्रश्न, मोफत. बर्नआउट (कामाने आलेला थकवा) आणि दुय्यम आघात (दुसऱ्यांचे आघात ऐकून होणारा) यांचे गुण वेगळे निघतात. केसमधले प्रसंग झोपेत दिसत असतील तर उपाय वेगळा.

सुहास_के: प्रश्नावली भरून केसेस कमी होतात का?

तळ्याकाठी: नाही हो. पण आघात असेल तर नुसत्या केसेस कमी करूनही भागत नाही.

रानवाट: आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे ना? नसेल तर आधी ती बघा, उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

निर्झरा: नोंदणी आहे, तो प्रश्नच नाही. महिन्याला ९-१० केसेस. हो, समुपदेशनही मीच करते. झोप ठीक आहे.

सुहास_के: मग मूळ तिथेच आहे, ताई. मूल विश्वासाने सांगतं आणि तेच अहवालात जातं. दोन्ही कामं एका व्यक्तीकडे नकोत. कलम १५ नुसार मंडळ इतर अनुभवी मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकतं, तसं लेखी मागा.

अहवालात चारच गोष्टी: मानसिक क्षमता, शारीरिक क्षमता, परिणामांची समज, गुन्ह्याची परिस्थिती. प्रत्येक विधानापुढे आधार लिहा: मुलाशी बोलणं, आईची मुलाखत, चाचणी की परिविक्षा अधिकाऱ्यांचा सामाजिक तपासणी अहवाल. ‘प्रौढ म्हणून खटला चालवावा’ हे वाक्य लिहूच नका. तो निर्णय मंडळाचा. हात अडतो तो बहुतेक तिथेच.

रानवाट: मंडळ तोंडी ‘हो की नाही’ विचारतं, तेव्हा?

सुहास_के: निरीक्षणं सांगायची, निकाल नाही. मंडळाच्या आदेशावर सत्र न्यायालयात अपील होतं, तिथे दुसरे तज्ज्ञही बोलावता येतात. सगळा भार तुमच्या सहीवर नाही.

तळ्याकाठी: आणि एका बैठकीत उरकू नका. पहिल्या भेटीत गुन्ह्याचा विषय नको. मुदत ३ महिन्यांची, मुलाला मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून. यादी त्या तारखेने लावा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात ४ अहवाल एकदम अंगावर येत नाहीत.

निर्झरा: शेवटच्या ओळीपाशीच अडतं, खरंय. पत्र कुणाच्या नावे?

सुहास_के: प्रधान दंडाधिकाऱ्यांच्या. प्रत जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घ्या.