नववी नापास भाचा, शाळा म्हणते सतरा नंबरचा फॉर्म (शाळेबाहेरून, खासगी दहावी) भरा. दाखला काढावा का?

मंडळी, जरा घाईत विचारतोय. माझी बहीण मानखुर्दला राहते, चार घरची कामं करते. तिचा मुलगा नववीत गणित आणि विज्ञानात उडाला. निकालाच्या दिवशी ताईला केबिनमध्ये बोलावलं, दाखल्याचा अर्ज टेबलावर तयारच! "पुन्हा नववीत बसवून काय करणार? सतरा नंबरचा फॉर्म भरा, वर्ष वाचेल." ताई सही करणारच होती, पण पेन उठेना, म्हणून बाहेर येऊन मला फोन केला. (त्या पेनाचे उपकार.)

शाळेच्या गेटवर 'दहावीचा निकाल १००%' असा बॅनर आहे. नववीला तीन तुकड्या, दहावीला दोन. मधली पोरं गेली कुठे? बोर्ड नियमित आणि खासगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगवेगळा काढतं, त्यामुळे सतरा नंबरवाला आपटला तरी शाळेच्या बॅनरला धक्का नाही.

पोरगा ढ नाही हो. पहाटे पेपर टाकतो, सुट्ट्या पैशांचा हिशोब तोंडी. वहीत मात्र ७०७ भागिले ७ बरोबर ११, आणि खाली लाल शाईत 'पाहिले'. मी म्हटलं, ७०७ रुपये सात जणांत वाट. लगेच म्हणाला, "शंभर शंभर, वर एकेक." खालच्या वर्गांत नापास करायचं नाही म्हणून ढकलत आणलं, शिकवायचं नाही असं तर कायद्यात नव्हतं ना?

आता मुद्द्याचं. दाखला काढलाच नाही तर शाळा त्याला परत नववीत बसवायला नाही म्हणू शकते का? 'लेखी द्या' म्हणून अडून बसावं का? सतरा नंबर म्हणजे अभ्यास घरीच, आणि त्या एका खोलीत पाच माणसं. मला रात्रशाळा बरी वाटते, निदान समोर शिक्षक असतो. कुर्ला, चेंबूर, घाटकोपर पट्ट्यात नीट वर्ग भरणारी कुणाला माहीत आहे? एनआयओएसमधून (केंद्राच्या मुक्त शाळेतून) गणित न घेताही दहावी होते, पण याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय, तिथे अडेल का?

कृपया 'क्लास लावा' सांगू नका. लावला होता. तिथेही १००% चा बॅनर आहे.

सोमवारी सकाळी ताईला परत बोलावलंय, मी हाफ डे टाकून सोबत जातोय. यातून गेलेलं कुणी असेल तर त्याआधी सांगा.